मोडला तर कोण करील?

यंदा होळीच्या आधी नाशिकहून भाच्याचा फोन आला. "मामा, मोखाड्याच्या बोहाड्याचे मोठे फोटो करायचेत, माणसाच्या उंचीचे. त्यासाठी मीडियम फॉरमॅट कॅमेरा घ्यायचाय. थोडे कमी पडतायत."

थोडे म्हणजे माझी एक अख्खी मुदत ठेव, हे पुढच्या वाक्यात कळलं!

प्रश्न होता जुना घ्यायचा की नवा. जुना म्हणजे पेंटॅक्स ६४५झेड. तो २०१४ साली आला आणि त्या मालिकेत नंतर नवी बॉडी आलीच नाही. आता सेकंडहँड घ्यायचा. नवा म्हणजे फुजीफिल्मच्या जीएफएक्स मालिकेतला. भाचा म्हणाला, "मामा, ही गुंतवणूक आहे."

इथेच माझ्यातला मास्तर जागा झाला. वही काढली आणि आकडे मांडले. ६४५झेड बाजारात आला तेव्हा त्याची नुसती बॉडी साडेआठ हजार डॉलरची होती. २०२१ मध्ये फुजीचा जीएफएक्स ५०एस टू आला. सेन्सर जवळपास तेवढाच, पिक्सलही तेवढेच, म्हणजे पाच कोटींच्या आसपास. शिवाय हात हलला तरी फोटो हलू नये अशी सोय बॉडीतच. किंमत चार हजार डॉलर! सात वर्षांत निम्म्याहून कमी. याला गुंतवणूक म्हणत नाहीत बाबा, याला खर्च म्हणतात. नव्या कॅमेऱ्याची घसरण पहिला मालक सोसतो, दुसऱ्याच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं. या हिशेबाने जुना बरा.

पण मग माझा यशिका आठवला.

१९८२ साली मुंबईच्या बोरा बाजारातून मी एक यशिकामॅट १२४जी घेतला होता, तोही सेकंडहँड. वरून खाली बघायचा, दोन भिंगांचा. १२० नंबरच्या रोलवर बारा फोटो यायचे. १९८६ च्या सुमारास तो कॅमेरा निघायचा बंद झाला. पुढे त्याच्या लाइटमीटरला लागणारा पाऱ्याचा सेल मिळेनासा झाला. मीटर मेला, पण कॅमेरा जिवंत राहिला. उजेडाचा अंदाज डोळ्यांनी घ्यायचा, झालं! १२० चा रोल कोडॅक आणि इलफर्ड आजही बनवतात. म्हणजे कॅमेरा बंद झाला तरी त्याचं खाद्य बंद झालं नाही.

डिजिटलचं तसं नाही. त्याचा रोल, म्हणजे सेन्सर, पोटातच असतो. तो गेला की भिंग कितीही चांगलं असो, उपयोग नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी जव्हारहून एसटीने मोखाड्याला गेलो. भाचा मित्राचा ६४५झेड मागून घेऊन आला होता. दीड किलोचं धूड! बोहाडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे लावून रात्रभर सोंगं नाचवतात. संबळ वाजत असतो, टेंभ्यांचा उजेड हलत असतो. २०१० चा ६४५डी आणखी स्वस्त मिळतो, पण त्याचा आयएसओ १६०० च्या पुढे जात नाही. अशा उजेडात तो काय कामाचा? झेड मात्र रात्रभर चालला.

सकाळी एका घरी नृसिंहाचा मुखवटा बघायला गेलो. घरातले आजोबा माझ्याहून मोठे, मुखवटा त्यांच्याहून मोठा. नाक मोडलेलं, ते परत बसवलेलं. रंगावर रंगाचे थर. "दरसाल रंगवतो," म्हणाले. मग त्यांनी कॅमेरा हातात घेऊन नीट पाहिला. भाच्याने कौतुकाने सांगितलं, "हा आता बनत नाही."

आजोबा म्हणाले, "मग गुरुजी, मोडला तर कोण करील?"

भाचा गप्प. मीही गप्प.

आमच्या दोघांच्या हिशेबात ही ओळच नव्हती. तो मुखवटा टिकला, कारण तो दुरुस्त करणारे हात त्या घरात आहेत. वस्तू बनायची थांबली म्हणून लगेच मरत नाही, दुरुस्त करणारं कोणी उरलं नाही की मरते. जुनी कॅमेरा मालिका घेताना बॉडीची किंमत शेवटी विचारावी. आधी विचारावं की बॅटरी मिळते का, दुरुस्ती कोण करतो, आणि काढलेले फोटो उद्या दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतील का.

झेड दोन प्रश्नांत पास झाला. त्याची बॅटरी पेंटॅक्सच्या के मालिकेतल्या लहान कॅमेऱ्यांनाही चालते. फोटो डीएनजी स्वरूपात ठेवता येतात, म्हणजे ते एका कंपनीच्या मर्जीवर राहत नाहीत. दुरुस्तीच्या प्रश्नात मात्र नापास.

शेवटी मी ठेव मोडली. अर्ध्या पैशांत भाच्याने जुना झेड घेतला. घेताना भिंगातून टॉर्च मारून बुरशी बघायला लावली. आमच्या जव्हारच्या पावसात ती हमखास धरते! उरलेल्या अर्ध्याची मी पुन्हा ठेव केली. कॅमेरा मोडेल त्या दिवसासाठी. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही मोडणार हे धरूनच चाललात." म्हटलं, होय. त्या आजोबांनीही धरलेलं आहे, म्हणून तर ते दरसाल रंग आणून ठेवतात.

निर्णय बरोबर की चूक, काही वर्षांनी कळेल. दुरुस्तीची सोय हवी म्हणून कोणी नवा घेतला तर त्याला मी चूक म्हणणार नाही. पहिला मोठा फोटो कोणाच्या घरी द्यायचा, ते मात्र ठरलंय.

असो. तुमच्याकडे बनायची कधीच थांबलेली, पण अजून चालणारी एखादी वस्तू आहे का? असेल तर ती कोण दुरुस्त करतं, तेही जरूर कळवा.