वाळलेली शाई

मालेगावच्या आमच्या उर्दू शाळेत, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक मोठा प्रिंटर पाच वर्षे जुन्या चादरीखाली पडून होता. चोवीस इंची कागद घेणारा, सात रंगांचा. 2017 साली बंद होणाऱ्या एका फोटो स्टुडिओकडून आम्ही तो जुनाच विकत घेतला होता. आम्ही म्हणजे विज्ञान, भूगोल आणि उर्दू शिकवणारे तिघे शिक्षक. पैसे पालकांकडून गोळा केले. बालभारती उर्दूत पाठ्यपुस्तके देते. पण भिंतीवरचे तक्ते मागितले की दुकानदार मराठी नाहीतर इंग्रजी पुढे करतो.

त्याआधी आमचे तक्ते चचा लिहीत. चचा म्हणजे गावातले जुने कातिब. लिथोच्या काळात त्यांनी साप्ताहिके, लग्नपत्रिका, मुशायऱ्यांची पोस्टरे बोरूने लिहिली. 1981 साली लाहोरच्या 'जंग' दैनिकाने संगणकावरची नूरी नस्तालीक वापरायला घेतली, नव्वदच्या दशकात 'इनपेज' आले आणि कातिबांची कामे एकेक करून गेली. चचांना उरली ती आमची शाळा. एका तक्त्याला ते दोन दिवस घेत. प्रिंटर आला आणि तेच काम काही मिनिटांत होऊ लागले. 'येऊ नका' असे आम्ही चचांना कधी म्हटले नाही. फक्त बोलावले नाही.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाली. पुन्हा उघडली तेव्हा प्रिंटरवरची चादर कोणी काढली नाही. आठवड्यातून एकदा एक कागद छापला असता तरी शाई वाहती राहिली असती. 2025 च्या जूनमध्ये संस्थेने सांगितले, भंगारात द्या. आम्ही एक आठवडा मागून घेतला.

प्रिंटर सुरू झाला, पण तपासणीचा कागद जवळजवळ कोराच बाहेर आला. एका रंगाला 180 छिद्रे, सात रंगांची मिळून 1260. प्रत्येक केसापेक्षा बारीक. आम्ही घाईघाईने 'सफाई'चे बटण दाबत राहिलो. त्याने छिद्रे उघडली नाहीत, होती ती शाई मात्र टाकाऊ टाकीत गेली. दुरुस्तीवाला म्हणाला, नव्या हेडच्या पैशात असे दुसरे यंत्र येईल.

मग आम्ही खाली मान घालून चचांकडे गेलो. तक्ते लिहून द्याल का, विचारले. त्यांनी हात पुढे धरला. बोटे थरथरत होती. "बरसों से कलम नहीं पकड़ा, बेटा." जरा वेळाने त्यांनीच विचारले, मशीनला काय झाले? शाई वाळली, आम्ही म्हणालो. चचा हसले. "स्याही सूख गई तो दवात फेंक देते हैं क्या?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. प्रिंटर चालू करून हेड जागेवरून हलताच आम्ही प्लग काढला, तेव्हा खालची रबरी वाटी उघडी पडली. तिच्या कडांवर शाईची खपली धरली होती, आतला बोळा दगडासारखा कडक झाला होता. चचांनी बोट लावून पाहिले. "अरे, ये तो सूफ है!" दवातीत शाई धरून ठेवायला घालतात तो बोळा म्हणजे सूफ. "जबरदस्ती मत करो. भीगने दो."

आम्ही वाटी धुतली, ती सफाईच्या द्रवाने भरली, धागे न सुटणारे कापड भिजवून हेडखाली ठेवले आणि घरी गेलो. सकाळी कापडावर रंग उतरलेले होते. तीन रात्री असेच केले. नळ्यांतली जुनी शाई सिरिंजने हळूहळू ओढून काढली. काडतुसांच्या तळाशी बसलेला रंग हलकेच हलवून मिसळला. चौथ्या दिवशी सातपैकी सहा रंग आले. पिवळा तुटकच राहिला. काळ्याची एकही रेघ तुटलेली नव्हती.

"काला पूरा है? हर्फ के लिए काफी है," चचा म्हणाले.

पहिला छापला तो नाशिक जिल्ह्याचा उर्दू नकाशा. पिवळा नसल्याने जंगले निळी आली. भूगोलाचे सर हिरमुसले, मुले मात्र खूश झाली.

यंत्र चार दिवसांत जागे झाले. पण वाळलेल्या हाताला कोणता द्रव लावायचा? त्या संध्याकाळी आम्ही चचांसमोर बोरू आणि कागद ठेवला. त्यांनी एक अलिफ काढला. तो कलला. त्यांनी कागद फाडून खिशात घातला आणि काही न बोलता निघून गेले. आता ते येणार नाहीत असे आम्हाला वाटले. पुढच्या शनिवारी ते आले, स्वतःचा बोरू घेऊन.

आता दर शनिवारी अर्ध्या शाळेनंतर दोन कागद निघतात. एक प्रिंटरच्या तपासणीचा, दुसरा चचांच्या सरावाचा. आम्ही दोन्ही शेजारीशेजारी टाचतो. पिवळ्याच्या काही रेघा अजून गायब आहेत. अलिफ कधी सरळ येतो, कधी नाही. सहावीतली पाच मुले चचांजवळ बोरू धरायला शिकत आहेत. त्याचे मानधन आम्ही तिघे देतो. ते थोडेच आहे.

माफी मात्र आम्ही अजून मागितलेली नाही. शनिवारी त्यांच्या दाराशी रिक्षा पाठवतो.