फोटो वाजत नाही

मिरजेच्या तंबोऱ्याला जाहिरात लागत नाही. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ पर्यंत तिथेच राहिले. मोठ्या गवयाच्या मांडीवरचं वाद्य हीच कारागिराची पाटी.

नातीसाठी तंबोरा घ्यायला निमोण्याहून गेलो, तर दुकानाच्या भिंतीवर नामवंतांचे फोटो. म्हटलं, "यांच्यासारखाच द्या." म्हातारे कारागीर हसले, "गुरुजी, फोटो वाजत नाही. जवारी ऐका." दोरा जरासा सरकवला आणि तार गुंजू लागली.

मैफलीत मात्र नाव गवयाचंच होतं. भोपळा निवडणारे, जवारी काढणारे हात मागेच राहतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गावाचं नाव लागलं, छान झालं. कारागिराचं कधी लागणार? नातीला बजावलंय, गाण्याआधी तंबोरा कुणी घडवला तेही सांगायचं.