आगबोटीच्या वाटेने, व्हीलचेअरसह

घरातील वडीलधाऱ्या माणसाचे चालणे कमी झाले, की सर्वांत आधी त्याचा प्रवास संपतो. गुडघे दुखतात म्हणून यात्रा राहते, पक्षाघातानंतर लग्नकार्यांना जाणे राहते, आणि मग 'आता तुम्हाला झेपणार नाही' हे वाक्य घरातले इतके सहज म्हणू लागतात की त्या व्यक्तीला कोणी विचारीतही नाही. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे क्रूझ जहाजे जाऊ लागल्यापासून मात्र माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्न येतो : "डॉक्टर, आईला बोटीने नेले तर चालेल का?" माझे उत्तर बहुधा होकारार्थी असते. मात्र जहाज कोणत्या बंदराला जाणार आणि खोली कोणती मिळणार, हे दोन प्रश्न मी त्याआधी विचारतो.

जहाजाचा मोठा गुण असा, की एकदा आत पोहोचल्यावर सामान बांधणे-सोडणे नाही. बिछाना, न्हाणीघर, भोजनगृह, डॉक्टर आणि समुद्र सारे एकाच ठिकाणी, आणि मजल्यामजल्यांवर जायला लिफ्ट. रेल्वेचा उंच पायठा नाही, महामार्गावर स्वच्छतागृह शोधत फिरणे नाही. ज्यांना दर दोन तासांनी लघवीला जावे लागते, त्यांना या सोयीचे मोल निराळे सांगायला नको.

माझ्या आत्याचे वय ७९. दोन वर्षांपूर्वीच्या पक्षाघाताने तिची उजवी बाजू दुबळी झाली. घरात ती वॉकर धरून चालते, बाहेर व्हीलचेअर लागते. तिचे बालपण वेंगुर्ल्याचे. मुंबईला यायचे ते आगबोटीने. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे, म्हणून सारे येणेजाणे त्याआधी उरकायचे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई-गोवा प्रवासी बोट बंद पडली आणि ती वाटही गेली. 'एकदा समुद्रावरून जायचे आहे' असे तिने म्हटले, तेव्हा तिची काळजी घेणारी माझी आतेबहीण घाबरली. ताईची भीती रास्त होती. रात्री उठवणे, न्हाणीघरात धरणे, औषधे, सारे तिच्या एकटीच्या अंगावर असते.

म्हणून पहिली अट मी अशी घातली, की सोबत दोन धडधाकट माणसे हवीत. एकट्या सोबत्याच्या बळावर असा प्रवास करू नये. आजाऱ्याचा तोल गेला तर दोघे पडतात. आणि तोल गेला नाही तरी सोबत्याला झोप मिळत नाही.

दुसरा निर्णय बंदराचा. काही बंदरांत जहाज थेट धक्क्याला लागते, काही ठिकाणी ते खोल पाण्यात नांगर टाकून उभे राहते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. मुरगाव बंदरात मोठे जहाज धक्क्याला लागते. लक्षद्वीपला प्रवाळाच्या कड्याबाहेर उभे राहून होडीत उतरावे लागते. वरखाली होणाऱ्या होडीत पाऊल टाकण्याचा तो क्षण ज्याचा पाय हुकमी नाही त्याच्यासाठी धोक्याचा असतो. व्हीलचेअरच्या प्रवाशाला होडीत घेण्यास जहाजाचे अधिकारी नकार देऊ शकतात, आणि लाटा असतील तर तो नकार योग्यच असतो. आम्ही आत्यापुढे दोन्ही गोष्टी मांडल्या. तिने गोवा निवडले. महिना जानेवारीचा ठरवला, कारण त्या सुमारास अरबी समुद्र बहुधा शांत असतो.

खोलीची चौकशी फोनवर करताना 'सोय आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. आपल्या व्हीलचेअरची बाहेरील रुंदी फुटपट्टीने मोजावी (साध्या घडीच्या खुर्चीची ६० ते ६५ सेंटिमीटर असते) आणि खोलीच्या व न्हाणीघराच्या दाराची रुंदी आकड्यांत मागावी. जहाजावरील साध्या खोल्या अरुंद असतात आणि न्हाणीघराच्या दाराला बरेचदा उंचवटा असतो. त्या उंबऱ्याला अडखळून पडणे हा माझ्या मते सफरीतला सर्वांत टाळता येण्याजोगा अपघात. अपंगांसाठीच्या रुंद दाराच्या, भिंतीला आधारदांडे असलेल्या खोल्या मोजक्याच असतात; त्या लवकर संपतात. खोली लिफ्टजवळ, जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मिळाली तर हेलकावे कमी जाणवतात. नाचगाण्याच्या सभागृहाखालची खोली घेऊ नये, हे मी वैद्यकीय कारणास्तव सांगत नाही. पण झोप हेही औषधच आहे.

आता औषधांकडे वळू. सामान धक्क्यावरच काढून घेतात आणि ते काही तासांनी खोलीत येते. म्हणून सर्व औषधे, चष्मा, श्रवणयंत्र, एक जोड कपडे आणि डायपर हातातल्या पिशवीत ठेवावेत. औषधे प्रवासाच्या दिवसांच्या दुप्पट न्यावीत. इन्सुलिन थंड राहणारी पिशवी न्यावी. खोलीतील लहान फ्रीज पुरेसा थंड असेलच असे नाही. औषधांची यादी कंपनीच्या नावाने न लिहिता मूळ घटकाच्या नावाने, मात्रेसह लिहून घ्यावी. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतात. तेथे रुग्णाला सावरता येते, मात्र गंभीर आजारासाठी किनाऱ्यावरच न्यावे लागते. त्या दवाखान्याचे शुल्क निराळे पडू शकते. तेव्हा प्रवासविमा घेताना जुने आजार त्यात धरले आहेत का, हे आधी वाचून घ्यावे.

लघवी वाढवणाऱ्या गोळीबद्दल जरा थांबून सांगतो. प्रवासाच्या दिवशी ही गोळी गाळण्याची चाल आपल्याकडे फार आहे. हृदय दुबळे असलेल्या माणसाने ती परस्पर गाळली, तर फुप्फुसांत पाणी साचून रात्री धाप लागू शकते. गोळी बंद करू नये. जहाजात चढण्याच्या वेळेनुसार ती कधी घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. तसेच लघवी टाळण्यासाठी पाणी तोडू नये. उठताना चक्कर येऊन पडण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

आणि 'बोट लागणे'. गाडी लागते तशी बोट लागते. त्यावरची दुकानात मिळणारी गोळी म्हाताऱ्या माणसाला बिनदिक्कत देऊ नये. प्रोमेथाझिन, मेक्लिझिनसारख्या औषधांनी वृद्धांना गुंगी येते, भ्रम होतो. प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी अडू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्याचा दाब वाढू शकतो. सिनॅरिझिनने कंपवाताची लक्षणे बळावतात. आत्याला मी गोळी दिली नाही. हलके खाणे, सुंठेचा तुकडा, उघड्या हवेत बसून क्षितिजाकडे पाहणे एवढ्यावर तिचे भागले. आमच्यापैकी बोट लागली ती मला.

चढण्याच्या दिवशी तपासणी, ओळखपत्रे, रांगा यांत बराच वेळ जातो. प्रवेशद्वारापाशीच व्हीलचेअरची मदत मागावी. आजारी माणसाला उपाशी आणू नये. जहाज सुटण्यापूर्वी आपत्कालीन सूचनांची माहिती देतात. ती कंटाळवाणी वाटली तरी सोडू नये. आपत्तीत लिफ्ट वापरता येत नाही. म्हणून आपल्या माणसाला जिन्याने कोण उतरवणार, हे त्याच वेळी कर्मचाऱ्याला विचारून, खोलीचा क्रमांक त्याच्याकडे नोंदवून घ्यावा.

जहाज संध्याकाळी सुटले. खांदेरी बेटावरचा कान्होजी आंग्रे दीपस्तंभ आत्याने ओळखला. पुढे मात्र किनारा दिसेनासा झाला. जहाज खोल समुद्रातून जाते. कोकणातले किल्ले एकामागून एक दिसतील अशी आशा धरून कोणी जाऊ नये. आत्याने ते शांतपणे स्वीकारले आणि वाऱ्याची दिशा कोणती, हे मला समजावून दिले. डेकवर व्हीलचेअर थांबवली की दोन्ही ब्रेक लावायचे, हा धडा मी तिला दिला.

दुसऱ्या दिवशी मुरगावला जहाज लागले. धक्क्यावर उतरण्याच्या शिडीवजा फळीचा उतार भरती-ओहोटीनुसार कमी-जास्त होतो. उतारावर व्हीलचेअर उलटी, म्हणजे बसलेल्याची पाठ उताराकडे ठेवून न्यावी आणि सोबत एक कर्मचारी घ्यावा. आम्ही तयारीत होतो, पण आत्या म्हणाली, "मी नाही उतरत. तुम्ही जा."

ताई रागावली. एवढे पैसे भरून गोवा न बघता परतायचे? मी आत्याला कारण विचारले. ती म्हणाली, "अरे, लहानपणी बोट धक्क्याला लागत नसे. पडावातून जायचं, आणि खलाशी उचलून वर घ्यायचा. तेव्हा मजा वाटायची. आता मला कोणी उतरवताना चार माणसं बघत राहतात ते नको वाटतं. मला इथे बरं आहे."

वाचकहो, अशा वेळी आग्रह करू नये असे माझे मत आहे. प्रवास तिचा होता. शिवाय बंदरात उभे असलेले जहाज अर्धे रिकामे असते. लिफ्टसाठी थांबावे लागत नाही, भोजनगृहात गडबड नसते, जमीन हलत नाही. चालायचा सराव करायला त्याहून चांगली वेळ सफरीत नाही. मी आत्यापाशी थांबलो आणि ताईला एकटीला उतरवले. ती पणजीला गेली, मांडवीच्या काठाने फिरली, कुठेतरी माशाचे जेवण जेवली. पाच तासांनी आली तेव्हा हातात काजूची पुडी होती. दोन वर्षांत पाच तास सलग तिला कोणी हाक मारली नव्हती, हे तिने रात्री सांगितले. त्या पाच तासांत आत्या लांबलचक मार्गिकेतून वॉकर धरून तीनदा चालली. मधल्या दोन फेऱ्यांत बसून घेतले. हात मात्र दर वेळी साबण-पाण्याने धुतले. जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या जुलाब-उलट्यांपुढे नुसते सॅनिटायझर तोकडे पडते.

परतीला सामान आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळच्या गोळ्या त्यात जाणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. उतरताना घाई करू नये; गर्दी ओसरल्यावर मदतनीस मागावा. घरी आल्यावर एक-दोन दिवस पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटते. निरोगी माणसाला त्याचे हसू येते; वॉकरवर चालणाऱ्याला त्याने तोल जाऊ शकतो. त्या दोन रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा चालू ठेवावा आणि उठण्याआधी हाक मारायला सांगावे. हे डोलणे आठवड्याहून अधिक टिकले, किंवा त्याबरोबर बोलणे अडखळले, चेहरा वाकडा झाला, तर प्रवासाचा परिणाम समजून थांबू नये. बोलणे वा चेहरा बिघडल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.