नावावरची खुर्ची

मला चालता येतं, हे आधीच सांगितलेलं बरं. पुण्यात रोज सकाळी मी तळजाईच्या टेकडीवर जाऊन येते. तरीही गेल्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेहून परतताना सॅन फ्रान्सिस्को आणि दुबई, दोन्ही विमानतळांवर मी व्हीलचेअरमध्ये बसले होते.

ती लेकीनं तिकिटाबरोबर परस्पर मागवली होती. ‘‘आई, दुबईला विमान बदलायचंय. गेट लांब असतं. कुणी काही विचारलं तर गोंधळशील.’’ तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला हे लागलं. आम्ही दोघी भांडलो. पण खरं भांडण व्हीलचेअरचं नव्हतंच. आदल्या आठवड्यात तिनं विचारलं होतं, ‘‘ग्रीन कार्डाचं बघायचं का? बाबा गेल्यापासून तिथं एकटी काय करतेस?’’ मी ‘बघू’ म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

एप्रिलमध्ये मी फ्रीमाँटला गेले ती तिच्या बाळंतपणासाठी. अळीव आणि डिंकाचे लाडू केले, बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं. पहिल्या दिवशी धुरी दिली तर छतावरचा गजर असा किंचाळला की बाळाआधी जावईच दचकले. मग धुरी बंद. सहा महिने मी त्या लेकराशी फक्त मराठीत बोलले. हे सगळं मनापासून केलं. पण मनगटावरचं घड्याळ काही बदललं नाही. ते भारताचीच वेळ दाखवायचं, तिथल्यापेक्षा साडेबारा तास पुढची. लेकीच्या ते लक्षात आलं होतं. ती कधी बोलली नाही.

निघताना ती रडली, मीही रडले. बाळ झोपलेलं होतं. मात्र विमानानं जमीन सोडली आणि मला हायसं वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणी मला ‘आई, तू बस’ म्हणणार नव्हतं. लगेच त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. दुबईपर्यंतचे जवळजवळ सोळा तास या दोन्ही गोष्टी शेजारी घेऊनच बसले होते. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात इवलंसं विमान उत्तरेच्या बर्फावरून सरकत होतं. झोप आली नाही.

दुबईला आम्हा व्हीलचेअरवाल्यांना एका कोपऱ्यात ओळीनं बसवलं. अकरा खुर्च्या होत्या. शेजारच्या बाईंनी छातीवर हात ठेवून ‘गुंटूर’ म्हटलं, मी ‘पुणे’ म्हटलं. त्यांना हिंदी येत नव्हतं, मला तेलुगू. त्यांनी फोनवर नात दाखवली, मी नातू दाखवला. बोटांनी त्यांनी सहा महिने सांगितले, मीही सहाच. मग त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांवर थापटी मारली, ‘काही झालेलं नाही’ असा हात हलवला आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मलाही हसू आवरेना. त्या ओळीत खरंच चालता न येणारे दोघं-तिघंच असावेत. बाकी आम्ही सगळे मुलांच्या काळजीवर बसलेलो.

पहाटे तीनला मुंबईत उतरले. विमानाच्या दाराबाहेर खुर्च्या कमी होत्या. माझी हजर होती. भिंतीला टेकून एक आजोबा उभे होते. दोन्ही घोटे सुजलेले, काठी धरलेला हात थरथरत होता. त्यांच्या खुर्चीसाठी फोनाफोनी चालली होती. मी उठले.

‘‘काकू, खुर्ची तुमच्या नावावर आहे,’’ ढकलणारा मुलगा म्हणाला. ‘‘उठलात तर परत मिळणार नाही. रांग मोठी आहे.’’

‘‘नको मिळू दे. त्यांना बसव.’’

आजोबा बसले. काही बोलले नाहीत, नुसते डोळे मिटले. मला दुबईतलं आमचं हसणं आठवलं आणि ते तितकंसं निरागस वाटेना.

इमिग्रेशनच्या रांगेत पाऊण तास गेला. पाय दुखले, हेही खरं. सामानाच्या पट्ट्यापाशी पोचले तोवर लेकीचा फोन आला. तिच्याकडे दुपारचे साडेतीन वाजले होते. मागे बाळ कुरकुरत होतं.

‘‘व्हीलचेअर मिळाली ना?’’

‘‘मिळाली की.’’

ती जरा थांबली. ‘‘मग, पुढच्या उन्हाळ्यात येशील?’’

‘‘बघू,’’ सवयीनं तोंडातून गेलं. पलीकडे ती गप्प झाली. पट्ट्यावरून माझी बॅग पुढं निघून गेली, मी ती जाऊ दिली.

‘‘येईन,’’ मी म्हटलं. ‘‘राहायला नाही. पण येईन.’’