नासलेले आणि फाडलेले

दूध नासणे ही आपल्या घरांतून केवळ नुकसानीची बाब मानली जात नाही. तीत अशुभाची छाया पाहिली जाते. म्हणूनच उत्तरेकडचे पनीर आमच्या फोंड्याकडील स्वयंपाकघरांत शिरले, तेव्हा प्रश्न उभा राहिला : जे दूध आपण बुद्ध्या फाडले, ते नासले असे म्हणावयाचे काय?

आमच्या घरी हा प्रश्न नुसता तात्त्विक राहिला नाही. आमची पत्नी इंदूरच्या जुन्या मराठी घराण्यातली. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिने घरच्या पंगतीसाठी मटार-पनीर करावयास घेतले. पातेल्यातले दूध फाटताना पाहून आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाई, नासलेले दूध ना देवाच्या पानात शोभते, ना माणसाच्या."

पत्नी इतकेच बोलली, "आत्याबाई, माझी आईही असेच करते हो."

दूध येथे निमित्तमात्र होते. दुरून आलेल्या मुलीच्या माहेरची रीत या घरात ग्राह्य की त्याज्य, हा खरा वाद होता.

वकिलीत कृत्याबरोबर हेतूही पाहावा लागतो. दूध नासते ते हयगयीने. त्यात जंतू वाढून आंबटपणा येतो. पनीरासाठी मात्र ताजे, कढत दूध घेऊन त्यास आपणच आंबट लावतो. परदेशी चीजसाठी पुष्कळदा वासराच्या जठरातले विरजण लागते. पनीरास लिंबू किंवा दही पुरते. तेव्हा शाकाहाराच्या दृष्टीनेही येथे आक्षेपास जागा नाही.

पूर्वनिर्णयही आहे, आणि तो फार जुना आहे. चातुर्मास्य यागांतील वैश्वदेव पर्वात तापलेल्या दुधात दही घालीत. जो घट्ट गोळा होई ती 'आमिक्षा', उरलेले पाणी ते 'वाजिन'. आमिक्षा विश्वेदेवांना अर्पण होई. दही घालण्याचे प्रयोजन कोणते, याचा ऊहापोह जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या चौथ्या अध्यायात आहे. निर्णय आमिक्षेच्या बाजूने लागला. पुरीलाही रथयात्रेनंतर नीलाद्री बिजेच्या दिवशी छेन्याचा रसगोळा अर्पण होतो. तो जगन्नाथाने रुसलेल्या लक्ष्मीची समजूत काढण्यासाठी दिला, अशी श्रद्धा आहे.

आत्याबाईंनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले व म्हणाल्या, "यज्ञाला चालले, ते पंगतीला चालेल. देवळात मात्र देवळाची रीत." आमच्या मते हा निवाडा अचूक आहे. नैवेद्य प्रत्येक देवस्थानाच्या परंपरेने ठरावा. तेथे आमचा युक्तिवाद चालू नये. घरच्या पंगतीचे अधिकारक्षेत्र निराळे. तेथे सुनेच्या हातालाही मान हवा.

आता कृती. म्हशीचे एक लिटर दूध उकळून खाली उतरवावे. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा. हिरवट पाणी सुटताच हात आवरावा. आंबट जास्त झाले तर पनीर कडक होते. फडक्यात गाळून, गार पाण्याने धुऊन, अर्धा तास वजनाखाली ठेवावे व मग तुकडे करावेत. तुपात जिरे, हिंग, किसलेले आले व हिरवी मिरची घालावी. त्यावर वाटलेले टोमॅटो तूप सुटेपर्यंत परतावेत. मग हळद, धणेपूड व दहा-बारा भिजविलेल्या काजूंचे वाटण घालावे. मटार, मीठ व पाणी घालून शिजवावे. शेवटी पनीर सोडून दोन-तीन मिनिटांत उतरवावे. कांदा-लसणीवाचून काही अडत नाही.

या भाजीतला काजू सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला, मिरचीही अमेरिकेतलीच. गोव्यात आज त्यांना कोणी परके म्हणत नाही. पनीराने तर केवळ इंदूरहूनच प्रवास केला आहे.

गाळून उरलेले पाणी मात्र टाकू नये. मीमांसकांनी वाजिनास गौण ठरविले, निरुपयोगी नव्हे; यज्ञात त्यालाही त्याच्या देवता होत्या. त्यात पोळ्यांची कणीक भिजवावी. पोळ्या मऊ होतात. आमच्या घरी ती आत्याबाईच भिजवू लागल्या.