दोन मिनिटांचं काम

मागच्या महिन्यात कोंढव्याला बहिणीकडे गेलो होतो. सुट्टीचा दिवस होता. जिना चढण्याआधीच सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाच्याची जुनी वॅगनआर दिसली. पुढचं डावं चाक हवेत, आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. मोबाईल बाजूला विटेला टेकवून ठेवलेला, त्यावर ऑइल बदलण्याचा व्हिडिओ सुरू.

"सलाम मामू! तुम्ही वर जाऊन चहा घ्या, मी आलोच. दोन मिनिटांचं काम आहे."

सलामाचं उत्तर देण्याआधी मी त्याचे दोन्ही घोटे धरले आणि त्याला बाहेर ओढलं. शर्ट काळा झाला, पाठ खरचटली. पोरगा चिडला. इंजिनिअर झालेल्या भाच्याला मामूने भर पार्किंगमध्ये असं ओढावं, हे त्याला आवडलं नाही. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखा आवाजच निघत नव्हता.

'दोन मिनिटांचं काम आहे' हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं.

1994 चा मे महिना. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात बाजारतळामागे अब्बांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढे मुरमाची जागा, रस्त्याच्या गटाराकडे जराशी उतरती. मी नववीची परीक्षा देऊन सुट्टीत पाने पुसायला बसत असे. एक अँबेसिडर आली होती, खालून कडकड आवाज करणारी. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस गेलेला. अब्बा सामान आणायला गेले होते. ते येईपर्यंत शाफ्ट उतरवून ठेवावा म्हणून चाचांनी मागच्या अॅक्सलखाली मधोमध बाटलीसारखा हायड्रॉलिक जॅक लावला, गाडी उचलली आणि खाली शिरले. मी विचारलं, "चाचा, दगड लावू का चाकाला?" ते म्हणाले, "नको रे, दोन मिनिटांचं काम आहे."

शाफ्टचे बोल्ट सुटले आणि गाडी वीतभर पुढे सरकली. तेवढंच. जॅक आडवा झाला. मी जो आवाज ऐकला तो लोखंडाचा नव्हता.

शेजारच्या हॉटेलातली माणसं धावत आली, सात-आठ जणांनी गाडी उचलून धरली, चाचांना ओढून काढलं. मागची चाकं काढलेली नव्हती, म्हणून गाडी जमिनीला टेकली नाही आणि चाचा वाचले. बरगड्या जुळल्या. उजवा खांदा नाही जुळला. आजही नमाजात तकबीरच्या वेळी त्यांचा डावा हात कानापर्यंत जातो, उजवा छातीपाशीच राहतो.

घरात सगळे म्हणाले, अल्लाची मर्जी. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणाला. अब्बा काही बोलले नाहीत. आठवड्याभराने ते वेल्डरकडे गेले आणि जाड पाइपच्या दोन घोड्या बनवून आणल्या. त्या दिवसापासून घोडीवर टेकवल्याशिवाय आमच्या गॅरेजात कोणी गाडीखाली गेलं नाही. का, ते अब्बांनी कोणालाच सांगितलं नाही. मीही पुष्कळ वर्षांनी शांतपणे विचार केला तेव्हा त्या दुपारचा हिशेब लागला.

अँबेसिडरचं इंजिन मागची चाकं फिरवतं आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. म्हणजे मागची दोन्ही चाकं उचलली की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडीला धरणारं काही उरत नाही. राहिला गिअर. गिअरमध्ये ठेवलेलं इंजिन चाकांना धरतं ते शाफ्टमधूनच, आणि तीही मागचीच चाकं. ती तर हवेत होती. पुढची चाकं मोकळी, जमीन उतरती. इतका वेळ टनभर वजनाची ती गाडी केवळ जॅकच्या बोटभर टोकावर तोललेली होती. चाचांनी पान्याला झटका दिला आणि तोल गेला. पुढच्या चाकाला एक दगड असता तर चाचा आज दोन्ही हात उचलू शकले असते.

हे सगळं मी वर जाऊन चहा पिताना भाच्याला सांगितलं. चाचांना तो चांगलं ओळखतो, पण खांद्याची गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण माझी तर पुढची चाकं चालतात, आणि हँडब्रेक मागे आहे. मी पुढचं चाक उचललं होतं."

मुद्दा बरोबर होता. पुढची बाजू उचलली तर मागचा हँडब्रेक कामाला येतो. पण त्याच गाडीची मागची बाजू उचलली की हँडब्रेक गेला, तिथे गिअर आणि पुढच्या चाकांना अडसर हवाच. आणि हँडब्रेक धरला म्हणून काय झालं? त्याच्या जॅकखाली पेव्हर ब्लॉक होते, त्यातला एक हलत होता. गाडीसोबत येणारा तो घडीचा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याचा तळवा लहान, एका स्क्रूवर सगळा भार. हायड्रॉलिक जॅक बळकट दिसतो, पण त्यातलं वजन आतल्या ऑइलवर पेललेलं असतं. सील झिजली किंवा झडप जराशी सैल राहिली की तो हळूहळू बसतो, आणि कधी एकदम. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो. धरून ठेवण्याचं काम घोडीचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाना पेठेतून एक ट्रॉली जॅक आणि दोन जॅक स्टँड घेतले. दुकानदाराला मी विचारलं, स्टँडवर लिहिलेले टन एकाचे की जोडीचे? पुष्कळदा तो आकडा जोडीचा असतो. दाते नीट अडकतात का तेही पाहिलं. 2020 मध्ये अमेरिकेत असे लाखो स्टँड परत मागवावे लागले होते, कारण दाते पुरते न अडकल्याने ते भाराखाली घसरू शकत होते. म्हणून आम्ही आरपार खिळ घालता येते असे घेतले.

संध्याकाळी काम त्यानेच केलं, मी फक्त शेजारी उभा राहिलो. गाडी सपाट काँक्रीटवर घेतली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. तो विटा आणायला निघाला होता, मी थांबवलं. वीट काय आणि सिमेंटचा ब्लॉक काय, वजनाखाली न कुरकुरता फुटतो. मग गाडीच्या पुस्तिकेत पुढे मधोमध दाखवलेल्या जागेखाली जॅक लावला. ट्रॉली जॅकचा हात वर जाताना कमानीत फिरतो, म्हणून त्याची लहान चाकं सरकायला हवीत. खडीत किंवा मातीत ती रुतली तर वरची वाटी गाडीखालून निसटते. गाडी उचलल्यावर दोन्ही बाजूंना, दाराखालच्या पट्टीवर खुणा असतात तिथे, स्टँड ठेवले. ऑइलच्या चेंबरखाली किंवा पातळ पत्र्याखाली कधीच नाही. जॅक हळूहळू सोडून भार स्टँडवर घेतला आणि मग जॅक पुन्हा नुसता टेकेल इतका वर आणून तसाच राहू दिला.

"आता गाडी हलव," मी म्हणालो.

त्याने बोटाने ढकलल्यासारखं केलं.

"तशी नाही. जोर लावून. पडायचीच असेल तर आत्ता पडू दे, तू बाहेर असताना."

त्याने खांदा लावून दोन-तीनदा ढकलली. गाडी जागची हलली नाही. तेव्हा मी म्हणालो, जा आता. खाली गेल्यावर मी त्याच्याशी बोलत राहिलो. गाडीखालच्या माणसाला एकटं सोडू नये, हाही अब्बांचाच नियम.

आपल्या मोहल्ल्यांतली किती तरी पोरं दहावीच्या आधीच गॅरेजला लागतात. उस्तादाकडून हुनर शिकतात, त्याबरोबर उस्तादाची घाईही शिकतात. काही झालं तर ना विमा, ना पगारी सुट्टी. तेव्हा 'अल्लाची मर्जी' म्हणणं सोपं जातं, कारण मग कोणाला काही विचारावं लागत नाही. चाचांची मर्जी, अब्बांची मर्जी, दगड आणायला दहा पावलं न गेलेल्या नववीतल्या मुलाची मर्जी, यांचा हिशेब तसाच राहून जातो. मी तेव्हा दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. या गोष्टीला तीस वर्षं झाली, मला अजून तसंच वाटतं.

अब्बा आता नाहीत. त्यांच्या घोड्या आहेत, पण गाडीखाली मी त्या लावत नाही. वेल्ड गंजलेत, भरवसा नाही. गावाकडे घराच्या दाराशी त्यांच्यावर एक फळी टाकली आहे. असरनंतर चाचा तिथे बसतात. मागच्या आठवड्यात भाचा गावी आला होता, त्यांच्या शेजारी बराच वेळ बसला. काय बोलले ते मी विचारलं नाही. उठताना त्याने चाचांना हात दिला. डाव्या बाजूने.