पाठीवरचा संसार

कोल्हापूरहून गारगोटीकडे निघालेल्या एस.टी.तून बिद्री डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते. हिवाळ्यात उसाचे गाळप ऐन भरात असते आणि मळीचा आंबूसगोड वास रस्त्यापर्यंत सामोरा येतो. येथल्या सहकारी साखर कारखान्याने दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांची नावे घेतली आहेत. त्याच्या वसाहतीला मात्र मौनीनगर म्हणतात. पाटगावच्या मौनी महाराजांचे हे नाव! मौनाच्या नावाने वसलेल्या जागी रात्रंदिवस यंत्रांचा घरघराट चालावा, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे मित्र पाठीवर पिशव्या बांधून येथे उतरलो. बिद्रीपासून भुदरगडापर्यंत पायी जायचे, असा बेत होता. चाळिशी उलटल्यावर हे खूळ कोठून शिरले, असे आमच्या घरोघरी विचारून झाले होते. खरे कारण अण्णा होता. वर्षापूर्वी त्याची पत्नी गेली आणि तेव्हापासून तो शाळा ते घर एवढाच उरला होता. भेटायला जावे, तर चहा पुढे करी आणि खिडकीबाहेर बघत बसे. सांत्वनाचे शब्द आम्हा सर्वांचेच संपले होते. चालणे तेवढे शिल्लक होते.

वाटेच्या कडेला ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या होत्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची ही माणसे मुकादमाकडून उचल घेऊन इकडे येतात आणि पाच-सहा महिने उसाच्या फडात राबतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ अशी त्यांची मोजणी! दोन माणसांच्या संसाराला हत्याराचे नाव द्यावे, याहून त्या जिण्याचे नेमके वर्णन मला तरी करता येणार नाही. एका कोपीपुढे म्हातारी चुलीत पाचट सारीत होती. आमच्या पाठीकडे बघून तिने विचारले,

“कुठं निघालात बिऱ्हाड घेऊन?”

“गडावर, आजी.”

“कामाला?”

“नाही, सहजच.”

“आगं बया! हौसेनं वझं वाहायचं म्हणा की!”

अण्णा खुदकन हसला. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितले आणि काही न बोलता पुढे चालू लागलो.

मुदाळ तिट्ट्यावर चहा आणि गरम भजी झाली, तेव्हा आपण मोठे गिर्यारोहक आहोत असे वाटत होते. दुपारी ते वाटणे उतरले. पिशवीचे पट्टे खांद्यांत रुतले, टाचेला फोड आला, उसाने खच्चून भरलेल्या ट्रॉल्या धुळीचे स्नान घालून जाऊ लागल्या. आमच्या बापूच्या पिशवीतून तर एक उशी आणि लोणच्याची काचेची बरणी निघाली! त्याला यथेच्छ बोलून घेतले. पण रात्री गारगोटीत बरणी उघडली, तेव्हा सर्वांत मोठी फोड बोलणाऱ्यांनीच उचलली.

दुसऱ्या दिवशी पेठशिवापूरकडून गड चढताना बापूला धाप लागली. अण्णाने काही न बोलता त्याची बरणी आपल्या पिशवीत घातली. थोडे वर गेल्यावर आपण होऊन म्हणाला, “हिलाही असंच व्हायचं. चार कपड्यांच्या जागी दहा भरायची.” वर्षभरात पत्नीविषयी त्याने उच्चारलेले हे पहिले वाक्य!

भुदरगड हा काही रांगडा, उभ्या कड्यांनी धमकावणारा गड नव्हे. माथ्यावर ऐसपैस पठार, भैरवनाथाचे मंदिर आणि पांढुरक्या पाण्याचा दूधसागर तलाव. 1844 साली गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तेव्हा हीच जागा धगधगत होती. आज संध्याकाळी तेथे नुसता वारा असतो. देवळाजवळ बसून खालच्या गावातून आणलेली भाकरी आणि खर्डा आम्ही खाल्ला. अण्णाने दुसरी भाकरी मागितली. मग घोंगडीवर आडवा होऊन तो मध्यरात्रीपर्यंत बोलत होता. आम्ही ऐकत होतो. थंडी होती, खाली खडे टोचत होते, आणि बापूची उशी आळीपाळीने चौघांच्या डोक्याखाली फिरत होती.

पायी प्रवासाने दुःख नाहीसे होते, असे मी म्हणणार नाही. परंतु ओझे सर्वांच्याच पाठीवर असले, म्हणजे एकमेकांचे थोडे थोडे उचलता येते. आमचे ओझे हौसेचे होते. दोन दिवसांनी खुंटीला टांगता आले. हा अंक आपल्या हाती पडेल, त्या सुमारास बीडकडच्या वाटांवरून ट्रक भरू लागले असतील. भांडीकुंडी, शेळ्या, झोपाळलेली पोरे — सारा संसार त्यांत असेल. फराळाच्या ताटावर बसताना, वाचकहो, बिद्रीच्या वाटेवरल्या त्या म्हातारीची आठवण ठेवा. आमच्या अण्णाला वर्षानंतर हसवले, ते तिने.